पुणे महापालिकेत सभा परत आली, पहिला प्रश्न कुठला विचारायचा?

मुठाकाठी (धागाकर्ती)

२५ जुलै २०२४ ची पहाट आमच्या भागात कुणीच विसरलेलं नाही. सिंहगड रस्त्याला, एकतानगरीच्या बाजूला, नदीच्या अंगाला आमची सोसायटी आहे. रात्रभर पाऊस होता. खडकवासल्यातून विसर्ग वाढत वाढत पस्तीस हजार क्युसेकच्या घरात गेला. आम्ही जागे झालो तेव्हा पार्किंगमधल्या गाड्यांची टपं तेवढी दिसत होती. तळमजल्यावरच्या आजींना चौघांनी खुर्चीसकट उचलून जिन्यात आणलं. नंतर लष्कराच्या बोटी आल्या. त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तिघांचा विजेचा धक्का बसून जीव गेला.

हे सगळं पुन्हा लिहिण्याचं कारण वेगळं आहे. त्या आठवड्यात पाटबंधारे खातं म्हणत होतं की आम्ही कळवलं होतं, आणि महापालिका म्हणत होती की एवढं पाणी येईल असं कळवलं नव्हतं. हे भांडण पेपरात झालं. ते व्हायला हवं होतं मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या बैठकीत. कुणीतरी उभं राहून आयुक्तांना विचारायला हवं होतं: निरोप किती वाजता आला, कुणी घेतला, पुढे कुणाला दिला, नदीकाठच्या वस्तीत भोंगा घेऊन माणूस कधी निघाला? उत्तराची नोंद राहिली असती. पण सभाच नव्हती. नगरसेवकांची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारं प्रशासन, स्थायी समिती म्हणून तो मंजूर करणारं प्रशासन आणि मुख्य सभा म्हणून शिक्कामोर्तब करणारंही प्रशासनच. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत तीन वर्षं दहा महिने हे चाललं.

त्या काळातल्या चार अंदाजपत्रकांची बेरीज मी केली: ८,५९२ कोटी, ९,५१५ कोटी, ११,६०१ कोटी आणि १२,६१८ कोटी. एकूण ४२,३२६ कोटी रुपये. यातल्या एका रुपयावरही निवडून आलेल्या माणसानं सभागृहात हात वर करून 'माझा विरोध नोंदवा' म्हटलेलं नाही.

आता १६५ जण निवडून गेलेत. कोण कुठल्या पक्षाचा, हे या धाग्यावर नको. मला तुमच्याकडून एवढंच हवंय: तुमच्या भागातला असा कुठला निर्णय आहे, जो या काळात झाला किंवा व्हायला हवा असून झाला नाही, आणि ज्याच्यावर सभेत एक शब्दही बोलला गेला नाही? चांगले प्रश्न जमले तर आपण ते नीट लिहून नगरसेवकांना देऊ.

कसब्याचा वाडा

मुठाकाठी, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी ऐंशीच्या दशकापासून अधूनमधून प्रेक्षक गॅलरीत बसत आलोय, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

सभेचं काम कसं चालतं हे नव्या मतदारांना माहीत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्यांनी या वेळी पहिल्यांदा मत दिलं, त्यांनी कळत्या वयात सभा पाहिलेलीच नाही. आधी कार्यपत्रिका निघते. प्रत्येक विषयाचं विषयपत्र असतं, त्यामागे खात्याचं डॉकेट, म्हणजे माहितीची टिपणी. नगरसेवक उपसूचना देतो. ती मान्य झाली तर प्रस्तावच बदलतो. नको असलेला विषय 'एक महिना पुढे' जातो किंवा 'दफ्तरी दाखल', म्हणजे बंद होतो, शंका असेल तर 'अभिप्रायासाठी प्रशासनाकडे'. आणि मतदान मागितलं तर कोण बाजूनं, कोण विरोधात, कोण तटस्थ, हे नावानिशी इतिवृत्तात येतं. ते इतिवृत्त ही माझ्या दृष्टीनं सभेची सगळ्यात मोठी देणगी. भाषणं विरतात, नोंद राहते.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, १८७६ पासून काही वर्षं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचा विषय आला, तेव्हा जोतीरावांनी एकट्यानं विरोध केला. हे पैसे शिक्षणावर खर्चा, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण आज आपल्याला तो विरोध माहीत आहे. प्रशासकाच्या सभेत असा एकटा माणूस असायला जागाच नसते.

नळजोड

मी महापालिकेच्या तांत्रिक बाजूला नोकरी करून निवृत्त झालोय. धाग्याचा सूर समजतो, पण दोन गोष्टी दुरुस्त करतो.

पहिली, ४२ हजार कोटी ही अंदाजपत्रकांची बेरीज आहे, खर्चाची नाही. उत्पन्नाचा अंदाज फुगवलेला असतो, वर्षअखेरीस प्रत्यक्ष जमा त्याच्या बरीच खाली राहते आणि कामं आपोआप कापली जातात. त्यामुळे तो आकडा फलकावर लिहू नका, पहिल्याच उत्तरात खोडला जाईल.

दुसरी, सभा होती तेव्हा सगळं छान होतं, हे मला पटत नाही. गॅलरीतून जे दिसतं ते मी खालून पाहिलंय. शोकप्रस्ताव करून सभा तहकूब, पुढच्या महिन्यात पुन्हा तहकूब. एका ड्रेनेज लाईनचा विषय तीन वेळा 'एक महिना पुढे' गेला आणि तेवढ्यात पावसाळा आला, हे मी स्वतः भोगलंय. 'स' यादीतले, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांचे पैसे बाकड्यांवर, कापडी पिशव्यांवर आणि नावाच्या पाट्यांवर जायचे. मार्चमध्ये वर्गीकरणाचे ढीग यायचे: पाण्याच्या कामाचा निधी उचलून रस्त्याच्या कडेच्या सुशोभीकरणाला. प्रशासकाच्या काळात निदान फाईल अडकत नव्हती. सिंहगड रस्त्याचा ११८ कोटींचा उड्डाणपूल याच काळात टप्प्याटप्प्यानं खुला झाला.

मुठाकाठी

नळजोड, आकड्याची दुरुस्ती मान्य, 'अंदाजपत्रकी तरतूद' असंच लिहू.

उड्डाणपुलाचं भूमिपूजन २०२१ मधलं आहे. म्हणजे तो मंजूर झाला तो सभा असताना, आणि पूर्ण झाला प्रशासक असताना. माझं म्हणणं काम होण्याबद्दल नाहीच. त्याच रस्त्यावर रोज येते-जाते, पूल झाल्याचा मला आनंद आहे. बाकडी कुणी बसवली हे मला वाचता येत होतं आणि पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येत होतं, एवढंच म्हणतेय. प्रशासकाची बदली होते. नवे आयुक्त आले की आपण पुन्हा पहिल्यापासून निवेदन टाईप करतो.

किरकटवाडी

मी पहिल्यांदाच लिहितेय, वाचत मात्र खूप वर्षं आहे.

तुमच्याकडे तीन वर्षं दहा महिने. आमच्याकडे साडेचार वर्षं. ३० जून २०२१ ला आमच्यासकट २३ गावं महापालिकेत गेली. त्या दिवशी ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला. नगरसेवक मात्र आला नाही, कारण मार्च २०२२ ला सभेचीच मुदत संपली. आधीची ११ गावं २०१७ ला आत आली होती, त्यांना पोटनिवडणुकीत दोन नगरसेवक तरी मिळाले होते. आम्ही जानेवारी २०२६ पर्यंत ना गावाचे ना शहराचे. माझ्या सासऱ्यांनी पन्नास वर्षं ग्रामसभेत बसून नळाचं पाणी, पाणंद रस्ता, शाळेची खोली यावर भांडणं केली. त्यांना मी काय सांगणार, की आता मोठ्या शहरात आलात म्हणून बोलायची जागा गेली?

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस आला तो आमच्याच पट्ट्यात. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता. गुलियन बॅरे सिंड्रोम हे नाव आम्ही त्याआधी ऐकलेलं नव्हतं. जुलाब होतात, दोन-चार दिवसांनी पायात मुंग्या, मग पाय उचलत नाहीत, काहींना थेट व्हेंटिलेटर. आकडा दोनशेच्या आसपास पोचला. शेजारचा दहावीतला मुलगा तीन आठवडे दवाखान्यात होता, परीक्षेला वॉकर घेऊन गेला. तेव्हा सगळ्या राज्याला कळलं की इथलं पाणी नांदेडच्या विहिरीतून येतं आणि त्याला फक्त क्लोरिन मारतात. गाळणी, शुद्धीकरण केंद्र, काही नाही. धरण आमच्या उशाशी, शुद्ध केलेलं पाणी पुढच्या शहराला.

मला कुणावर राग काढायचा नाही. पण गावं घेताना 'पाणी कुठून देणार आणि ते शुद्ध कधी होणार' हा विषय कुठल्या तरी सभेपुढे यायला हवा होता ना? आला असता तर 'विहिरीवर शुद्धीकरण केंद्र नाही' हे वाक्य २०२२ मध्येच कुणीतरी मोठ्यानं बोललं असतं.

नळजोड

ताई, तुमचं पटलं. माझा वरचा प्रतिसाद या गावांना लागू होत नाही. तुमच्याकडे फाईल अडकवायलाही माणूस नव्हता.

वाघोलीवासी

किरकटवाडी ताईंच्या प्रत्येक शब्दाला +१. वाघोलीही त्याच २३ मधली.

आमचा हिशेब पाण्याच्या टँकरचा. सोसायटीत २४० सदनिका आहेत. उन्हाळ्यात दिवसाला दहा-बारा टँकर लागतात, मेंटेनन्समधला सगळ्यात मोठा खर्च तोच. वर मिळकतकराचं बिल महापालिकेचं. बांधकाम आराखड्याचा अधिकार पीएमआरडीएकडे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. रस्ता रुंद करा म्हणून एका कार्यालयात गेलो, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, तिथून पुन्हा पहिल्याकडे. कार्यालयांची नावं घेत नाही, समोरच्या माणसाच्या हातातही काही नव्हतं.

कराबद्दल गावागावांतून आंदोलनं झाली, मग राज्य सरकारनं समाविष्ट गावांतल्या वसुलीला स्थगिती दिली. लोक खूश झाले. मी नाही झालो. कर आम्हाला द्यायचाच आहे, पण त्या बदल्यात काय आणि कधी, हे ठरवून द्यायचा आहे. स्थगितीनं तो व्यवहारच टांगला गेला: महापालिका म्हणणार कर नाही तर कामं कुठून, आम्ही म्हणणार कामं नाहीत तर कर कशाचा. सभेत हे दोन्ही एका खोलीत आलं असतं.

आणि क्षेत्रफळ बघा. गावं आल्यावर पुण्याची हद्द सुमारे ५१८ चौरस किलोमीटर झाली, मुंबई महापालिकेपेक्षा मोठी. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद केली, २०२४ मध्ये. शहराचा कचरा वर्षानुवर्षं ज्यांच्या दारात पडला ती ही दोन गावं. आत घेताना सभा होती, बाहेर काढताना नव्हती. ज्यांना जायचं होतं त्यांचं बरोबर की ज्यांना राहायचं होतं त्यांचं, मला सांगता येत नाही. चर्चा ऐकायला मिळाली असती तर मत बनवता आलं असतं.

वेताळ

माझा विषय नदी आणि टेकड्या. थोडक्यात लिहितो, नाहीतर हा धागा मी एकटाच भरून टाकीन.

मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. अकरा नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, एकूण ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमता. तो वर्षानुवर्षं रेंगाळला. दरम्यान ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं आणि काठ बांधायला सुरुवातही झाली. आत वाहतं ते मैलापाणी, आणि आपण घाट बांधतोय. २०२३ ला बंडगार्डनपाशी झाडांसाठी माणसं उभी राहिली, फेब्रुवारी २०२५ मध्ये राम-मुळा संगमापाशी पुन्हा. दोन्ही वेळेला आम्ही झाडांना मिठ्या मारत होतो, कारण मिठी मारायला सभागृह नव्हतं.

पहिला प्रश्न माझ्या मते हाच: पूररेषेच्या आत भराव किती पडलाय आणि तो कोण, कधी काढणार? मुठाकाठी, तुमच्या सोसायटीतलं पाणी आणि माझी झाडं हा एकच विषय आहे.

कसब्याचा वाडा

वेताळ, भावना समजते, पण एक गोष्ट स्वच्छपणे मान्य करायला हवी. नदीकाठ सुधारचे मूळ ठराव निवडून आलेल्या सभेतच झालेत, प्रशासकाच्या आधी. सभा असली म्हणजे झाडं वाचतात असं नाही. सभा असली की झाड तोडणाऱ्या ठरावाखाली नावं असतात.

वेताळ

मान्य. आणि त्या वेळी आम्ही गॅलरीत नव्हतो, हेही मान्य. अंमलबजावणी सुरू झाल्यावर जागे झालो.

पासधारक

हडपसर ते स्वारगेट, पुढे कात्रज. रोज पीएमपीची बस. १ जून २०२५ पासून दिवसाचा पास ४० वरून ७० रुपये झाला आणि महिन्याचा ९०० वरून १५००. आमच्या कारखान्यात माझ्यासारख्या बायका खूप आहेत. महिन्याला सहाशे रुपये म्हणजे घरातला गॅस सिलेंडर गेला की हो. दोघींनी पास सोडला आणि शेअर रिक्षा धरली. एक जण चालत येते, पाऊण तास.

दहा वर्षं दर वाढले नव्हते, डिझेल, पगार वाढले, हे मला कळतं. वाढवू नका असं मी म्हणत नाही. एका दमात इतके का, हे मला विचारायचं होतं, आणि कुठे विचारायचं ते कळलं नाही.

कसब्याचा वाडा

पासधारक ताई, हा फार नेमका प्रश्न आहे. पीएमपी ही कंपनी, निर्णय तिच्या संचालक मंडळाचा. पण त्या मंडळावर दोन्ही शहरांचे महापौर आणि स्थायी समितीचे अध्यक्ष असतात. मुदत संपली तशा त्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, म्हणजे दरवाढ ठरली तेव्हा टेबलाभोवती सगळे अधिकारीच होते. तोट्याचा भार पुणे ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० असा वाटून घेतात, तेव्हा पैसा आपलाच. आता खुर्च्या भरतायत. तुमचा प्रश्न महापौरांच्या नावानंच द्यायचा.

मुलुंड पूर्व

पुणेकरांच्या धाग्यात मुंबईकर डोकावतोय. आमची मुदत तुमच्याही आठवडाभर आधी संपली होती, ७ मार्च २०२२ ला. मतदान तुमच्याच दिवशी, १५ जानेवारीला.

एक अनुभव सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये घनकचऱ्याच्या उपविधींचा मसुदा आला. त्यात घरटी कचरा शुल्क होतं: ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, त्यापुढे ५००, मोठ्या घराला १०००. नगरसेवक नव्हते, तरी हरकती-सूचना मागवल्या होत्या. आमच्या सोसायटीतल्या दोन निवृत्त शिक्षिकांनी मसुदा छापून घरोघर वाटला, प्रत्येकाकडून स्वतःच्या शब्दांत हरकत लिहून घेतली. शहरभरातून विरोध झाला आणि ते शुल्क मागे ठेवलं गेलं. सभा नसतानाही हरकतीचा कागद चालतो, एवढं नक्की.

आमच्याकडे एका प्रभागात एकच नगरसेवक, असे २२७. तुमच्याकडे चार-चार. गटार तुंबलं तर तुम्ही फोन कुणाला करता? हे खरंच विचारतोय.

वाघोलीवासी

मुलुंड पूर्व, तिथेच गोम आहे. साडेपस्तीस लाख मतदार, ४१ प्रभाग. प्रभागाला सरासरी ८६-८७ हजार मतदार, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. ४० प्रभागांत चार-चार आणि आंबेगाव-कात्रजच्या प्रभागात पाच. चौघांनाही त्या सगळ्यांनी मत दिलेलं, चौघांचीही हद्द एकच. फोन पहिल्याला करा, तो म्हणतो ती बाजू दुसरे बघतात. मतदानाच्या दिवशी चार वेळा बटण दाबताना आमच्या मागचे आजोबा विचारत होते, 'यातला माझा कुठला?'

नळजोड

यावर एक उपाय कायद्यातच पडून आहे. ७४ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा प्रभाग समित्या आल्या, त्यांत स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेता येतात. २००९ मध्ये राज्यानं क्षेत्र सभेची तरतूद केली, म्हणजे शहरातली ग्रामसभाच, मतदान केंद्रांच्या पातळीवरची. ती प्रत्यक्षात आलीच नाही. चार सदस्यांच्या प्रभागात सभा कुणी बोलवायची, अध्यक्ष कोण, यावरच गाडी अडते. किरकटवाडी ताईंच्या सासऱ्यांना जी जागा हवी आहे ती हीच. नव्या सभेत एकानं जरी हा विषय आणला तर मी त्याच्या घरी जाऊन मसुदा लिहून देईन.

पाण्याबद्दलही लिहितो, कारण तो माझा जन्माचा विषय. समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०१७ मध्ये महापालिकेनं २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजानं, मुंबई शेअर बाजारात नोंदवून. देशभर कौतुक झालं. योजना मोठी: ८२ टाक्या, नव्या जलवाहिन्या, घरोघर मीटर. मीटर बसले तिथे गळती दिसायला लागली, ही खरी कमाई आहे. पण कुठल्या टाकीचं काम कशानं थांबलंय, जागा नाही की जलवाहिनी नाही की ठेकेदार नाही, याचा एकत्रित तक्ता सभेपुढे मांडलेला मी बघितलेला नाही. प्रश्न असा लिहा: टाकीनिहाय स्थिती, थांबण्याचं कारण आणि पुढची तारीख. 'योजना कधी पूर्ण होणार' असा ढोबळ प्रश्न लिहिलात तर 'काम प्रगतिपथावर आहे' एवढंच उत्तर येईल. तसली उत्तरं मीच लिहिलेली आहेत, आणि आज त्याबद्दल वाईट वाटतं.

अजून एक. महापालिका कायद्याच्या कलम ७२ 'ब' खाली मंजूर झालेल्या कामांची यादी मागा. एका वर्षापलीकडे चालणाऱ्या कामाचा पैसा पुढच्या अंदाजपत्रकांतून देऊ, अशी ती हमी असते. प्रशासकाच्या काळात दिलेल्या हमींनी नव्या सभेच्या किती वर्षांच्या तिजोरीला आधीच हात घातलाय, हे १६५ जणांना अंदाजपत्रकाआधी कळलंच पाहिजे. तसंच ६७ (३) (क) खाली, म्हणजे तातडी म्हणून निविदा न काढता दिलेल्या कामांची.

दूरदेशी

मी परदेशात असतो, आईबाबा कोथरूडला. सत्तरी ओलांडलेली. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत होती, १९७० च्या ठरावानं. ती मध्ये गेली, २०२३ ला राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानं परत आली. पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून, पुरावे जोडून द्यायचे होते. बाबा दोनदा रांगेत उभे राहून आले. ज्यांना अर्जाची खबरच लागली नाही त्यांचं बिल तसंच वाढीव राहिलं. त्यांच्याच इमारतीत अशी दोन एकटी राहणारी माणसं निघाली, मग बाबांनी त्यांचेही अर्ज भरले. प्रभागात नगरसेवकाचं संपर्क कार्यालय उघडं असतं तर हे काम तिथे झालं असतं. मोठ्या प्रकल्पांच्या यादीत हेही राहू द्या.

मुठाकाठी

सगळ्यांचं वाचून काल रात्री बसले. मी सुरुवात माझ्या पुरापासून केली होती, पण आता मला वाटतं पहिला प्रश्न किरकटवाडीचा असला पाहिजे. आमच्याकडे निदान २०२२ पर्यंत बोलणारं कुणी होतं.

मसुदे असे केलेत, दुरुस्त करा.

एक: समाविष्ट २३ गावांत आज पिण्याचं पाणी कुठल्या स्रोतातून दिलं जातं, गावनिहाय, त्यातलं कुठलं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतं आणि कुठलं फक्त क्लोरिन मारून, जूननंतर दर महिन्याच्या तपासणीचे अहवाल कुठे लावले जातील?

दोन: खडकवासल्याचा विसर्ग वाढवताना पाटबंधारे खात्याकडून आलेला निरोप महापालिकेत कोण घेतो, किती मिनिटांत वस्तीपर्यंत नेतो; २५ जुलै २०२४ च्या पहाटेच्या निरोपांची वेळेसह नोंद सभेपुढे ठेवावी; पूररेषेतल्या भरावाचं मोजमाप आणि तो काढण्याची तारीख द्यावी.

तीन: ७२ 'ब' आणि ६७ (३) (क) खालची १५ मार्च २०२२ पासूनची पूर्ण यादी, रकमेसह.

पीएमपीचा प्रश्न महापौरांच्या नावे वेगळ्या पत्रात, पासधारक ताईंच्या शब्दांतच. क्षेत्र सभेचा मसुदा नळजोड लिहितायत. टाक्यांचा तक्ता, मिळकतकर आणि पीटी-३ पुढच्या महिन्याच्या सभेसाठी, एकाच वेळी सगळं दिलं तर काहीच नीट विचारलं जाणार नाही.

नळजोड

पहिल्या प्रश्नात 'स्रोत' नंतर 'व दैनंदिन पुरवठा' घाला, नाहीतर टँकरचं पाणी हिशेबातून सुटेल. बाकी उत्तम. आणि चौघा नगरसेवकांना एकच प्रत देऊ नका, चार प्रती द्या, प्रत्येकीवर पोच घ्या. तारीख आणि सही.

वाघोलीवासी

वाघोलीतून मी आणि आमचे सेक्रेटरी चारही जणांना भेटतो. शनिवारपर्यंत पोच इथे सांगतो.

कसब्याचा वाडा

दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेत नागरिकांना फाईली बघता यायच्या, आधी अर्ज न करता. पुण्यात ही सोय खूप वर्षं होती, वापरणारे थोडे; आता चालू आहे का ते आधी विचारून घेतो. येत्या सोमवारी मी नांदेड विहिरीची आणि पुराच्या निरोपांची फाईल मागणार आहे. ती दिसली तर आपले प्रश्न अजून नेमके होतील. कुणी सोबत येतंय का? डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, बारीक टिपणी वाचायला तरुण माणूस लागेल.

वेताळ

मी येतो काका. रजा टाकली.

किरकटवाडी

मी पण. सासरे विचारतायत त्यांना आत सोडतील का. त्यांच्याकडे ग्रामपंचायत असतानाचे पाणी तपासणीचे काही कागद आहेत, ट्रंकेत जपून ठेवलेत.

कसब्याचा वाडा

जरूर आणा त्यांना. बसून वाचायला जागा असते. कागदांच्या दोन झेरॉक्स काढा, मूळ प्रत कुणाला देऊ नका. पावणेतीनला नव्या इमारतीच्या मुख्य दाराशी भेटू, ओळखपत्र सोबत ठेवा.

मुठाकाठी

मीही पोचतेय. वही आणि पाण्याची बाटली घेऊन.